दवण्याची चिनी बहीण

माझ्या पिढीच्या माणसांना ‘कोयनेल’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. क्विनाइनचं हे आपलं घरगुती नाव. एखादी गोष्ट फारच कडू लागली, की ‘अगदी कोयनेल आहे’ असं आमच्या घरी म्हणत. हिवताप हा तेव्हा पावसाळा सरता सरता येणारा ठरलेला पाहुणा. आधी चार गोधड्या घातल्या तरी न थांबणारी हुडहुडी, मग अंग भाजून काढणारा ताप, मग दरदरून घाम. एक दिवस बरा जायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच फेरी. म्हणून जुनी माणसं त्याला ‘पाळीचा ताप’ म्हणत. ब्रिटिश अमदानीत देशाच्या अनेक भागांत टपाल कचेऱ्यांतून कोयनेलच्या पुड्या विकल्या जात. यावरून त्या तापाची दहशत ध्यानात यावी.

मला आज जी गोष्ट सांगायची आहे, ती मात्र कोयनेलची नाही. त्या कोयनेलला बाजूला सारून जिने लाखो माणसांना मरणाच्या दारातून परत आणलं, अशा एका रानटी वनस्पतीची ती गोष्ट आहे. ही वनस्पती चीनमधली. पडीक शेतात, रस्त्याच्या कडेला, नदीकाठच्या मोकळ्या जागेत ती तणासारखी वाढते. चिनी लोक तिला ‘छिंगहाओ’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं तिचं नाव आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ.

नाव परकं वाटलं तरी हे कुळ आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. चैत्रात जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, तो आर्टेमिसिया पॅलेन्स. पोटातल्या जंतांवर दिला जाणारा किरमाणी ओवा, तोही आर्टेमिसियाच. म्हणजे छिंगहाओ ही आपल्या दवण्याची चिनी बहीणच म्हणायची. दवण्यासारखाच तिलाही उग्र, डोक्यात जाणारा वास असतो. पानं अगदी बारीक चिरलेली, नेच्याच्या पानांसारखी. उंची मात्र दवण्यापेक्षा खूपच जास्त, पुरुषभर आणि कधी त्याहूनही अधिक. शरदाच्या सुमाराला तिला पिवळसर, मोहरीएवढी फुलं येतात, एका वर्षात तिचं आयुष्य संपतं आणि पुढच्या वर्षी पडलेल्या बियांतून ती पुन्हा उगवते. रानात उभी असताना कोणी तिच्याकडे वळून पाहणार नाही, अशी ही वनस्पती.

तिची पहिली लेखी नोंद सापडली ती एका थडग्यात. चीनच्या हूनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगदुई नावाची जागा आहे. तिथलं एक थडगं १९७३ मध्ये उकरलं गेलं. ते इसवी सनापूर्वी १६८ या वर्षी बंद झालेलं होतं. आत रेशमी कापडावर लिहिलेले ग्रंथ निघाले आणि त्यांत बावन्न व्याधींवरच्या औषधांची एक पोथी होती. त्या पोथीत छिंगहाओचं नाव आहे. पण गंमत अशी, की तिथं ती हिवतापावर सांगितलेली नाही, मूळव्याधीवर सांगितली आहे. पुढे ‘शेननोंग’ या पुराणपुरुषाच्या नावावर असलेल्या औषधींच्या जुन्या ग्रंथात ती खरूज, खाज आणि उवांवर दिली आहे. म्हणजे छिंगहाओ लोकांना ठाऊक होती, वापरातही होती, पण तापाशी तिचं नातं अजून जुळलं नव्हतं.

ते नातं लेखी स्वरूपात जोडलं चौथ्या शतकात, गे होंग या माणसाने. गे होंग हा मोठा विलक्षण गृहस्थ. ताओपंथी, अमरत्वाच्या शोधात भट्ट्या पेटवणारा किमयागार आणि त्याच वेळी गोरगरिबांना परवडतील अशी औषधं गोळा करणारा वैद्य. दक्षिण चीनच्या लुओफू डोंगरात त्याने आयुष्याचा शेवटचा काळ काढला. दक्षिण चीन म्हणजे दमट, दलदलीचा, हिवतापाचा मुलूख. बाहीत ठेवून बरोबर नेता येईल आणि अडीअडचणीला उपयोगी पडेल, अशी एक औषधांची चोपडी त्याने तयार केली. तिच्यात पाळीच्या तापावर एक साधा उपाय आहे. मूठभर छिंगहाओ घ्यायची, ठरावीक मापाच्या पाण्यात भिजवायची, पिळून रस काढायचा आणि तो सगळा पिऊन टाकायचा. बस, एवढंच. या कृतीत एक गोष्ट आलेली नाही, ती आपण ध्यानात ठेवू या. पाला उकळायला सांगितलेला नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. गे होंगने हिवतापावर हा एकच उपाय दिलेला नाही, इतर कितीतरी दिले आहेत. चिनी वैद्यांचा जास्त भरवसा होता तो ‘छांगशान’ नावाच्या दुसऱ्याच मुळीवर. तिने ताप उतरायचा खरा, पण रोग्याला उलट्यांनी हैराण करून. त्यामुळे छिंगहाओ ही अनेक उपायांतला एक उपाय म्हणूनच ग्रंथांतून पुढे पुढे जात राहिली. अकराव्या शतकात शेन क्वो या चौकस विद्वानाने लिहून ठेवलं, की ‘छिंगहाओ’ या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती चालतात, एक पिवळट हिरवी आणि एक गडद निळसर हिरवी. ली शिझेन याचा औषधींचा अवाढव्य कोश त्याच्या मृत्यूनंतर १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही छिंगहाओ हिवतापाच्या थंडी-तापावर दिली आहे, आणि पिवळ्या फुलांच्या हाओची नोंद वेगळी केली आहे.

आणि तरीही काय झालं पाहा. १६९३ मध्ये चीनचा सम्राट खांगशी हिवतापाने अंथरुणाला खिळला. त्याला बरं केलं ते फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या सिंकोनाच्या सालीने. म्हणजे आपल्या कोयनेलच्या आईने! खांगशीचा त्या औषधावर इतका विश्वास बसला, की १७१२ मध्ये त्याचा आवडता अधिकारी त्साओ यिन आजारी पडला, तेव्हा सम्राटाने घोड्यांच्या डाकेने ते औषध रवाना केलं. ताप हिवतापाचा असेल तरच घे, अशी ताकीदही दिली. औषध पोचण्याआधीच त्साओ यिन वारला. ज्याच्या राज्यात छिंगहाओ तणासारखी माजली होती, तो सम्राट हजारो मैलांवरून आलेल्या सालीवर विसंबत होता. एखादी गोष्ट ग्रंथात असणं आणि ती समाजाला खरोखर हाताशी असणं यांत किती अंतर असतं, हे मला या प्रसंगातून नेहमी जाणवतं.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले आणि रोगाची वाट उघड झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरोक्विनची स्वस्त गोळी आणि डीडीटीची फवारणी अशी दोन शस्त्रं हाती आली. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमाराला वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा एका लाखावर आला. रोग गेलाच, असं सगळ्यांना वाटलं. पण १९७६ मध्ये देशात पुन्हा चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. डास डीडीटीला सरावले होते आणि परजीवी क्लोरोक्विनला. क्लोरोक्विनला दाद न देणारा हिवताप आग्नेय आशियात १९५० च्या दशकाच्या अखेरीसच दिसू लागला होता. भारतात तो १९७३ मध्ये आसामात आढळला.

आग्नेय आशियात याच सुमाराला व्हिएतनामचं युद्ध पेटलं होतं. जंगलातून चालणाऱ्या उत्तर व्हिएतनामी सैनिकांना अमेरिकी बॉम्बइतकीच भीती तापाची होती. क्लोरोक्विन चालत नव्हतं. हो चि मिन्ह यांनी चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी बीजिंगमध्ये एक बैठक झाली आणि एक गुप्त लष्करी प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याचं नाव पडलं, प्रकल्प ५२३. पाचवा महिना, तेविसावी तारीख. सुमारे साठ संस्था आणि पाचशेवर शास्त्रज्ञ त्यात गुंतले. तिकडे अमेरिकेचं सैन्यही याच रोगाने त्रस्त होतं आणि तेही दोन लाखांवर रसायनं तपासत होतं. एकाच डासाने दोन्ही शत्रूंना प्रयोगशाळेत बसवलं होतं!

चीनमधला तो काळ सांस्कृतिक क्रांतीचा. शिकल्यासवरल्या माणसांना वर्गशत्रू ठरवून खेड्यांत शेण-माती वाहायला पाठवत होते. विद्यापीठं बंद पडली होती. अशा वातावरणात जानेवारी १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतल्या एका अडतीस वर्षांच्या संशोधिकेवर या प्रकल्पातल्या एका गटाची जबाबदारी टाकली गेली. त्यांचं नाव तू यूयू. चिनी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी येतं. त्यांचं आडनाव ‘तू’ असलं, तरी आपण मात्र उल्लेख आदरानेच करू.

यूयू यांचा जन्म १९३० चा, निंगबो शहरातला. सोळाव्या वर्षी त्यांना क्षय झाला आणि दोन वर्षं शाळा सुटली. बरं झाल्यावर औषधांचाच अभ्यास करायचा, असं त्यांनी ठरवलं. बीजिंगमध्ये त्या औषधनिर्माणशास्त्र शिकल्या आणि नंतर अडीच वर्षं चिनी वैद्यकाचंही शिक्षण घेतलं. म्हणजे दोन्ही भाषा त्यांना येत होत्या, जुन्या पोथीची आणि नव्या प्रयोगशाळेची. माझ्या मते या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

काम हाती आलं तेव्हा त्यांचे पती खेड्यातल्या श्रमछावणीत होते. यूयू यांना हिवतापाचे रोगी पाहायला दक्षिणेच्या हैनान बेटावर जायचं होतं. चार वर्षांची थोरली मुलगी त्यांनी पाळणाघरात कायमची राहायला ठेवली आणि वर्षाची धाकटी निंगबोला आजी-आजोबांकडे. बऱ्याच काळाने भेट झाली तेव्हा मुलीने आईला ओळखलंही नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. मोठ्या शोधांच्या गोष्टी सांगताना आपण अशी किंमत फार पटकन ओलांडून पुढे जातो. मला ती ओलांडता येत नाही. त्या काळातल्या किती घरांनी ती मोजली असेल, आणि त्यातल्या किती घरांच्या पदरात काहीच पडलं नसेल!

यूयू यांच्या गटाने जुने ग्रंथ चाळले, वैद्यांना विचारलं, लोकांनी पाठवलेली पत्रं वाचली. दोन हजारांवर पाठ जमा झाले. त्यांतले सहाशे चाळीस निवडून त्यांनी एक वही तयार केली. मग एकेका वनस्पतीचा अर्क काढून हिवताप झालेल्या उंदरांना द्यायचा, असा क्रम सुरू झाला. दोनशेच्या आसपास वनस्पती आणि तीनशे ऐंशीवर अर्क तपासले गेले. छिंगहाओच्या एका अर्काने एकदा परजीवी अडुसष्ट टक्क्यांनी कमी केले. पण पुन्हा करून पाहिलं तर कधी चाळीस टक्के, कधी बाराच. अशा औषधाला कोणीही बाजूला ठेवलं असतं, आणि काही काळ ते बाजूला पडलंही.

त्या टप्प्यावर यूयू पुन्हा गे होंगकडे वळल्या. भिजवा, पिळा, प्या. उकळा, असं तो म्हणत नाही. चिनी औषधं एरवी काढा करूनच घेतात. मग इथे आच का नाही? कदाचित उष्णतेने आतलं द्रव्य बिघडत असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पस्तीस अंशांच्या आसपास उकळणारा ईथर वापरून, कमी तापमानात अर्क काढायचं ठरवलं. खोड टाकून फक्त पानं घेतली. अर्कातला आम्ल आणि विषारी भागही वेगळा केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी तपासलेल्या, प्रयोगवहीत १९१ क्रमांक असलेल्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले परजीवी शंभर टक्के नाहीसे केले. पाठोपाठ माकडांवरही तोच अनुभव आला.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ओळीने दाखवलेली ही वाट. पण ती ओळ वाचून पुढचं सगळं आपोआप झालं, असं कोणी समजू नये. माणसांवर वापरण्याइतका अर्क काढायला कारखाने चालू नव्हते, म्हणून घरगुती मोठ्या रांजणांत ईथर ओतून काम केलं गेलं. हवा खेळायची सोय नाही, हातमोज्यांची वानवा. अनेकांची प्रकृती बिघडली आणि खुद्द यूयू यांच्या यकृताला सूज आली. जनावरांवरच्या चाचण्यांत विषबाधेची शंका निघाली आणि हिवतापाचा हंगाम तर तोंडावर आला होता. तेव्हा जुलै १९७२ मध्ये यूयू यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला. रुग्णालयात देखरेखीखाली राहून काही अपाय होत नाही, याची खात्री केली. ऑगस्टमध्ये हैनानच्या एकवीस रुग्णांना तो दिला. ताप उतरला, रक्तातले परजीवी गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्कातून पांढरे स्फटिक वेगळे झाले. त्यांना नाव दिलं ‘छिंगहाओसू’, म्हणजे छिंगहाओचं सत्त्व. जग त्याला आर्टेमिसिनिन म्हणतं.

पुढच्या कामात अनेकांचे हात लागले. युन्नान आणि शानतुंग इथल्या गटांनी तेच सत्त्व अधिक चांगल्या रीतीने वेगळं केलं. ग्वांगचौचे डॉ. ली ग्वोछ्याओ यांनी मेंदूपर्यंत पोचलेल्या हिवतापाच्या अत्यवस्थ रुग्णांवर ते वापरून दाखवलं. शांघायच्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि बीजिंगच्या क्ष-किरण तज्ज्ञांनी त्या रेणूची रचना उलगडली. ती पाहून रसायनशास्त्रज्ञ चकित झाले, कारण कोणत्याच माहीत असलेल्या हिवतापाच्या औषधाशी ती जुळत नव्हती. या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक नाजूक पूल असतो. हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, तेव्हा त्यातलं लोह मोकळं होतं. हे लोह तो पूल तोडतं, आणि तुटताना जे निखारे उडतात त्यांत परजीवी होरपळतो. म्हणजे त्याने खाल्लेल्या घासानेच त्याचा घात होतो. उकळल्याने पाल्याचा गुण जात असावा, असा यूयू यांचा तर्क होता. गे होंगला रेणू ठाऊक नव्हता, पण त्याच्या किंवा त्याला सांगणाऱ्या कुणा खेडुताच्या अनुभवाने पाला चुलीपासून दूर ठेवला होता.

एक गाठ नावाचीही होती. औषधी म्हणून ‘छिंगहाओ’ नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक जाती निघाल्या. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत जिला छिंगहाओ म्हटलं होतं, तिच्यात हे सत्त्व नाहीच. ते आहे पिवळ्या फुलांच्या हाओत. तिच्यातही बीजिंगच्या आसपास वाढलेल्या झाडांत अगदी थोडं आणि सिचुआनकडच्या झाडांत जास्त. तेही पानांत आणि फुलं येण्याआधीच्या दिवसांत. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही ब्राह्मी कोणती आणि रास्ना कोणती, यावर जाणत्यांचं एकमत नाही. चुकीची पानं घेतली, तर उत्तम ग्रंथही खोटा ठरतो.

इतकं मोठं औषध हाती आलं, पण जगाला त्याचा पत्ता लागायला वेळ लागला. प्रकल्प लष्करी, म्हणून गुप्त. १९७७ मध्ये रेणूच्या रचनेवरचा पहिला निबंध छापला गेला, तोही कुणाच्या नावाने नाही, ‘संशोधन समन्वय गट’ अशा सामूहिक नावाने. व्यक्तीने पुढे यायचं नाही, हा तेव्हाचा शिरस्ता होता. ऑक्टोबर १९८१ मध्ये बीजिंगला जागतिक आरोग्य संघटनेची बैठक भरली, तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांपुढे हे काम नीट मांडलं गेलं. तरीही जगभर ते औषध पोचायला आणखी वीस वर्षं गेली. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिन दुसऱ्या औषधाच्या जोडीने वापरावं, अशी शिफारस केली. जोडी अशासाठी, की हे सत्त्व झपाट्याने काम करतं आणि तितक्याच झपाट्याने शरीरातून जातं. मागे उरलेले परजीवी टिपायला रेंगाळणारा सोबती लागतो.

भारताचाही यात वाटा आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने या सत्त्वापासून आर्टईथर हे टोचायचं औषध तयार केलं. तिथल्याच औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संस्थेने छिंगहाओचे वाण आपल्या हवामानात रुजवले आणि शेतकऱ्यांकडून तिची लागवड करून घेतली. २००५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातले गंभीर हिवतापाचे १४६१ रुग्ण तीत होते. भारतातलं केंद्र होतं ओडिशातल्या राउरकेल्यात. क्विनाइन दिलेल्यांपैकी बावीस टक्के रुग्ण दगावले आणि आर्टेमिसिनिनपासून केलेलं आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी पंधरा टक्के. हा सात टक्क्यांचा फरक आकड्यात लहान दिसतो. पण ज्याच्या घरातलं माणूस त्या सातांत मोडतं, त्याला विचारा. पाच वर्षांनी आफ्रिकेतल्या पाच हजारांवर मुलांच्या चाचणीनेही असाच कौल दिला. सव्वातीनशेहून जास्त वर्षं सिंहासनावर असलेली कोयनेल तिथे खाली उतरली.

तू यूयू यांचं नाव जगाला कळलं ते आणखी उशिरा. २०११ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये नोबेल. चीनमध्येच राहून केलेल्या कामासाठी विज्ञानाचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, परदेशातलं शिक्षण नव्हतं आणि देशाच्या विज्ञान अकादमीचं सदस्यत्वही नव्हतं. चिनी वृत्तपत्रांनी त्यांना ‘तीन नाहींच्या शास्त्रज्ञ’ म्हटलं. पाचशे जणांच्या कामाचं श्रेय एकीलाच का, असा वादही झाला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुरस्काराला एक नाव लागतं, औषधाला मात्र अनेक हात लागतात.

या गोष्टीचा आपल्याकडे दोन प्रकारे उपयोग करतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक बाजू म्हणते, पाहा, सगळं जुन्या ग्रंथांत होतंच, संशोधनाची गरज काय? मग सोळाशे वर्षं ते ग्रंथात असताना लोक हिवतापाने का मरत राहिले, आणि खांगशीला परक्यांची साल का घ्यावी लागली? दुसरी बाजू म्हणते, खरं काम रसायनशास्त्राने केलं, जुनी पोथी निमित्तमात्र. मग अमेरिकेने दोन लाखांवर रसायनं तपासली, त्यांत हे का नाही सापडलं? पोथीने दिशा दिली आणि प्रयोगाने खरं-खोटं केलं. दोन्ही पायांशिवाय चालता येत नाही. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. सर्पगंधेचा उपयोग आपले वैद्य पूर्वापार करत आले. पण डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवून १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाने ती घेतली. त्यांनाही १९५७ मध्ये तोच लास्कर पुरस्कार मिळाला होता.

हा केवळ जुन्या-नव्याचा वाद नाही, त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. आजही अनेक देशांत छिंगहाओच्या सुक्या पानांचा चहा हिवतापावर म्हणून विकला जातो. २०२० मध्ये मादागास्करच्या सरकारने तर याच वनस्पतीचं एक पेय करोनावरचा उपाय म्हणून जाहीर केलं, कसलाही ठोस पुरावा नसताना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं होतं, की अशा पानांत सत्त्वाचं प्रमाण बेभरवशाचं असतं, त्यावर हिवताप सोपवू नये. अपुऱ्या मात्रेने रोगी बरा होत नाही आणि परजीवी मात्र औषधाला सरावतो. कंबोडियाच्या पश्चिम भागात असे सरावलेले परजीवी २००८-०९ मध्ये नोंदले गेले. नंतर रवांडा, युगांडासारख्या आफ्रिकी देशांतही ते दिसले. क्लोरोक्विनची जी गत झाली, तीच याचीही होईल, ही भीती खरी आहे. २०२३ मध्ये जगात हिवतापाने सुमारे पाच लाख सत्त्याण्णव हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं होती. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या आणि आपल्या पुण्यात तयार होणाऱ्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली, ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट.

आणि चीन? १९४० च्या दशकात जिथे वर्षाला तीन कोटी लोकांना हिवताप व्हायचा, तो देश ३० जून २०२१ रोजी हिवतापमुक्त जाहीर झाला. त्यात मच्छरदाण्यांचा, फवारणीचा, गावोगाव हिंडून रोगी शोधणाऱ्या आरोग्यसेवकांचा वाटा मोठा आहे, एकट्या छिंगहाओचा नाही. छिंगहाओने दिलं ते वेळेवरचं शस्त्र. ते बोथट होऊ न देणं आता आपल्या हातात आहे. ताप आला, तर रक्त तपासून घ्या. गोळ्या सांगितल्या असतील तितक्या पुऱ्या करा. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या फडताळात ठेवू नका. एक मूठ पाल्यापासून एका गोळीपर्यंत यायला माणसाला सोळाशे वर्षं लागली आहेत. ती आपल्या आळसापायी वाया जाऊ नयेत, एवढंच मला सांगायचं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)